पहिलटकरणीची भीती

पहिल्यांदा बाळंत होणाऱ्या बाईला आपण पहिलटकरीण म्हणतो. ती बाळंतपणाला माहेरी येते. आई तिला आवडीचे करून घालते. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते. हिरवी साडी, फुलांची वाडी, ओटी, सगळे होते. पण ओटी भरायला आलेल्या बाया काय बोलतात, तिकडे कोणाचे लक्ष नसते. एक म्हणते, "मला बाई तीन दिवस कळा येत होत्या." दुसरी म्हणते, "बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्मच गं." पोरगी तिथेच बसून ऐकते. तिच्या पोटात गोळा येतो. ती कोणाला काही विचारत नाही.

आम्ही पुरुष माणूस. आम्ही यावर कशाला लिहावे, असे कोणी म्हणेल. पण आम्ही शाळेत शिकवलेल्या मुलीच आज माहेरी बाळंतपणाला येतात. नर्सबाईंना आणि गावातल्या जुन्या सुईणीला विचारून आम्ही हे लिहीत आहोत.

आमची अशीच एक विद्यार्थिनी माहेरी आली होती. संध्याकाळी कळा सुरू झाल्या. दवाखान्यात नेले की पोट फाडतात, असे तिने कुठेतरी ऐकले होते. म्हणून ती गप्प राहिली. तोंडात पदर धरून रात्रभर पडून राहिली. पहाटे आईच्या ध्यानात आले, तेव्हा पाणमोट फुटून गेली होती. बाहेर धो धो पाऊस. दवाखाना गाठायला दोन तास लागले. पोरगी आणि बाळ दोघेही वाचले, आणि पोट फाडावे लागलेच नाही. नर्सबाई म्हणाल्या, "गुरुजी, कळांनी नाही, भीतीनं उशीर केला."

मग पोरीला काय सांगायचे? जे होणार आहे तेच सांगायचे. गर्भाची पिशवी आवळते, तिला आपण कळ म्हणतो. दर कळेला पिशवीचे तोंड थोडे थोडे उघडते. ते दहा सेंटिमीटर उघडले की बाळाची वाट मोकळी झाली. पहिल्या खेपेला याला बारा तास लागतात, कधी जास्तही लागतात. बारा तास ऐकून घाबरू नये. हिशेब करावा. समजा, पाच मिनिटांनी एक कळ येते आणि ती एक मिनिट टिकते. म्हणजे तासाला १२ मिनिटे दुखणे आणि ४८ मिनिटे विसावा. पुढे कळा जवळ जवळ येतात, विसावा कमी होतो. पण तेव्हा काम संपत आलेले असते. हा हिशेब आम्ही रात्रीच्या वर्गात फळ्यावर मांडला, तेव्हा मागे बसलेल्या दोन सुना खुदकन हसल्या.

माणूस भ्याले की अंग ताठ होते, आणि ताठ अंगाला जास्त दुखते. ग्रँटली डिक-रीड नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १९३३ सालीच हे पुस्तकात लिहून ठेवले. आपल्या सुईणीला ते पुस्तकाविना ठाऊक होते. ती म्हणते, "अंग सैल सोड, बाळे. श्वास लांब घे." कळ नसेल तेव्हा चालावे, पाणी प्यावे. जोर नर्सबाई सांगतील तेव्हाच करावा, आधी नाही. बाळ आल्यावर वार पडते. बाळाला लगेच आईच्या उराशी द्यावे आणि तासाभरात पाजावे. पहिला पिवळा चीक फेकू नये.

कधी कधी पोट उघडून बाळ काढावे लागते. हेही लपवू नये. बहुतेक वेळा कमरेत सुई देऊन खालचे अंग बधिर करतात. बाई जागी असते, पण चिरलेले दुखत नाही.

एक सोपा उपाय आहे. आठव्या महिन्यात पोरीला बाळंतपणाची खोली आणि तिथल्या नर्सबाई दाखवून आणाव्यात. पाहिलेल्या जागेची भीती निम्मी होते. सरकारी दवाखान्यात बाळंतिणीजवळ ओळखीची एक बाई थांबू शकते. केंद्र सरकारने २०१६ साली तशी मुभा दिली आहे. आई, जाऊ, आशाताई, कोणीही चालेल. मात्र तिने रडू नये.

आता जिथे खरोखर घाबरायला हवे ते सांगतो. अंगावरून रक्त जाणे, झटके येणे, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, तोंडावर सूज, ताप, बाळाची हालचाल कमी होणे, कळांवाचून पाणी जाणे. यातले एकही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. १०८ नंबरला फोन करावा. फोन फुकट आहे आणि गाडीही फुकट आहे.

दवाखान्याच्या कार्डावर बाळंतपणाची तारीख लिहिलेली असते. ती स्वतः वाचावी. शेवटची पाळी १ जूनला आली असेल, तर नऊ महिने आणि सात दिवस मोजून ८ मार्च येते. बाळ नेमके त्याच दिवशी येत नाही, दोन आठवडे मागेपुढे होते. तारीख पावसाळ्यात पडत असेल आणि वाटेत ओढा असेल, तर दवाखान्याजवळच्या नातलगाकडे पंधरा दिवस आधीच जाऊन राहावे.