कोणत्या संस्थेस 'धर्मादाय' म्हणावे?

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेस, गुजरातच्या सीमेला लागून असलेला पेठ तालुका डोंगराळ व प्रामुख्याने आदिवासी वस्तीचा आहे. शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा यांसारख्या कामांत शासनाबरोबर स्वयंसेवी संस्थांचाही येथे वाटा आहे. पेठ येथील दादासाहेब बिडकर महाविद्यालय डांग सेवा मंडळामार्फत चालविले जाते, हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. अशा कार्यासाठी लोक वर्गणी देतात, कोणी जमीन देऊ करतो, तर पालक आपली मुले विश्वासाने संस्थेच्या हवाली करतात. म्हणूनच 'धर्मादाय' अशी पाटी लावणाऱ्या संस्थेची कायदेशीर कसोटी गावातील जबाबदार व्यक्तींना माहीत असणे अगत्याचे आहे.

उद्देश कोणता?

पूर्वीचा 'मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०' आता महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. त्याच्या कलम ९ नुसार दारिद्र्य किंवा आपत्ती यांचे निवारण, शिक्षण, वैद्यकीय मदत, लोकहितार्थ करमणुकीच्या सोयी आणि सर्वसाधारण लोकोपयोगाचे अन्य कोणतेही कार्य हे धर्मादाय उद्देश होत. केवळ धार्मिक शिकवण किंवा पूजाअर्चा यांच्याशी संबंधित उद्देश मात्र त्यात येत नाही. इंग्लंडमध्ये १८९१ च्या पेम्सेल खटल्यातील निर्णयाने धर्मप्रसारही धर्मादाय उद्देशांत गणला होता. आपल्या कायद्याने तो वेगळा ठेवला. मंदिराचा विश्वस्त निधी सार्वजनिक असल्यास त्याचीही नोंदणी करावी लागते, परंतु ती धार्मिक निधी म्हणून.

लाभ कोणाचा?

उद्देश चांगला असणे पुरेसे नाही. लाभ जनतेला किंवा तिच्या एखाद्या वर्गाला मिळाला पाहिजे. आदिवासी विविध कार्यकारी सहकारी संस्था उपयुक्त काम करते, पण ती सभासदांच्या हितासाठी असते व तिला १९६० चा सहकारी संस्था अधिनियम लागू होतो. बचत गटाचा लाभही त्याच्या सदस्यांपुरताच असतो. शिक्षकांना पगार दिल्याने संस्थेचे धर्मादाय स्वरूप नाहीसे होत नाही. शिल्लक रक्कम संस्थापकांनी आपसांत वाटून घेतल्यास मात्र त्या स्वरूपाला अर्थ उरत नाही.

नोंदणी

सात किंवा अधिक व्यक्ती एकत्र येऊन १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली संस्था स्थापन करू शकतात. महाराष्ट्रात अशा संस्थेस सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणूनही नोंदणी आवश्यक असते. स्थापनेपासून तीन महिन्यांच्या आत उपधर्मादाय किंवा सहायक धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करावयाचा असतो. चौकशीनंतर नोंदवहीत नोंद होते व प्रमाणपत्र मिळते. विश्वस्त बदलल्यास त्याचा अहवाल नव्वद दिवसांत द्यावा लागतो. नोंदणी नसलेल्या न्यासाच्या वतीने हक्क बजावण्यासाठी केलेला दावा कलम ३१ अन्वये न्यायालय ऐकत नाही. उद्या कोणी न्यासाची जागा बळकावली, तर ही उणीव गावालाच भोवेल. उत्सवासाठी तात्पुरती वर्गणी गोळा करणाऱ्या नोंदणी नसलेल्या मंडळांसाठी कलम ४१-क अन्वये परवानगीची तरतूद आहे.

जमीन व हिशेब

न्यासाची स्थावर मालमत्ता विकण्यापूर्वी, तसेच शेतजमीन दहा वर्षांहून अधिक किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यापूर्वी, धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. पेठसारख्या तालुक्यात आणखी एक दक्षता आवश्यक आहे. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे बक्षीसपत्रानेही सहजासहजी जाऊ शकत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३६-अ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी व शासनाची मान्यता घ्यावी लागते. हेतू कितीही उदात्त असला, तरी या नियमाकडे दुर्लक्ष करून घेतलेली देणगी टिकणे कठीण.

नोंदणीनेच संस्थेची जबाबदारी संपत नाही. जमाखर्च नियमित ठेवणे व त्याची लेखापरीक्षा करून घेणे हे विश्वस्तांचे कर्तव्य आहे. आयकरातील सवलत ही याहून निराळी बाब असून तिच्यासाठी आयकर विभागाकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते.

तेव्हा कोणत्याही संस्थेस वर्गणी, जागा किंवा सहकार्य देण्यापूर्वी पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी तिचे नोंदणी प्रमाणपत्र, घटनेतील उद्देश आणि अलीकडचा लेखापरीक्षित हिशेब पाहण्यास मागावा. प्रामाणिकपणे काम करणाऱ्या संस्थेस अशी विचारणा अडचणीची वाटण्याचे कारण नाही. उलट तिच्याविषयीचा लोकांचा विश्वास त्यामुळे अधिक दृढ होईल.