वाचनालयातून कोणते पुस्तक आणावे?

अक्षरओळख झाली. अंगठा सुटला, सही आली. आता पुढे काय?

विळा वर्षभर आढ्याला खोचून ठेवला तर गंजतो. शिकलेल्या अक्षरांचेही तसेच आहे. वाचत राहिले नाही, तर ती हळूहळू विसरतात आणि मनुष्य पुन्हा अंगठ्यावर येतो.

नवलाख उंबऱ्याच्या माणसाला हे परवडायचे नाही. इथे भाताची खाचरे आहेत आणि खाचरांच्या शेजारी कारखाने उभे राहिले आहेत. जमिनीला भाव आला, तसे कागदही आले. साठेखत, खरेदीखत, सात-बारा! ज्याला वाचता येते तो म्हणतो, "थांबा, मला आधी वाचू द्या." ज्याला येत नाही तो दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहतो.

पण असला कागद एकदम वाचायला घेतला तर जीव घाबरतो. आधी डोळ्यांना आणि मनाला वाचनाची सवय लागली पाहिजे. ती सवय गोष्टी वाचून लागते. म्हणून वाचनालयातून कोणती पुस्तके आणावीत, ते आम्ही इथे क्रमाने सांगतो.

पहिले पुस्तक, बहिणाबाई चौधरींची गाणी. बहिणाबाई जळगावकडच्या शेतकरीण. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि घरात काम करताना त्या गाणी रचीत. त्यांच्या मागे १९५२ साली ती पुस्तकात छापली गेली. ओळी लहान आहेत. बोली खानदेशी आहे, पण मोठ्याने वाचली की उमजते.

दुसरे पुस्तक, साने गुरुजींचे 'श्यामची आई'. हे त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. यात एकेका रात्री सांगितलेल्या गोष्टी आहेत. जेवणे उरकली की एक गोष्ट वाचावी. घरातल्यांनाही ऐकवावी.

तिसरे, आपल्या मावळचे. गो. नी. दांडेकर हे लेखक जवळच तळेगाव दाभाड्याला राहत. तेराव्या वर्षी त्यांची शाळा सुटली, पण वाचन सुटले नाही. 'पवनाकाठचा धोंडी' हे पुस्तक तुंग किल्ल्याच्या आसपासच्या माणसांचे आहे. पवनेवर धरण होण्याआधीचे दिवस त्यात भेटतात. 'माचीवरला बुधा' राजमाचीचा आहे. हा बुधा मुंबई सोडून माचीवर परत येतो आणि झाडा-पाखरांत राहतो. डोंगर, पाऊस, भाषा सगळे आपल्या ओळखीचे. म्हणून पुस्तक मोठे असले तरी वाट चुकत नाही.

चौथे, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. लक्ष्मीबाई लग्नानंतर वाचायला शिकल्या. पुढे त्यांनी आपल्या आयुष्याची हकीकत लिहिली. तिचा पहिला भाग १९३४ साली निघाला. बाया घरात बोलतात तशी सरळ भाषा आहे. आमच्या भगिनींनी हे पुस्तक जरूर मागावे.

एवढे झाले की सात-बारा कसा वाचावा हे सांगणारी पुस्तिका मागा. आपला उतारा शेजारी ठेवा आणि एकेक रकाना लावून पाहा. त्यात क्षेत्र हेक्टर आणि आर असे लिहितात. १०० आर म्हणजे १ हेक्टर. १ आर म्हणजे जवळजवळ १ गुंठा. एवढे समजले तरी फसवणाऱ्याला जपून बोलावे लागते.

पुस्तक मागताना लाजू नये. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्याप्रमाणे मान्यता मिळालेल्या वाचनालयांना सरकार अनुदान देते. म्हणजे त्या कपाटात तुमचा-आमचाही पैसा आहे. ग्रंथपालांना सांगावे, "दादा, मी नवा वाचणारा आहे. मोठ्या अक्षरांचे पुस्तक द्या." घेतल्यावर मधले एक पान तिथेच वाचून पाहावे. ओळीओळीला अडायला झाले तर परत करावे आणि सोपे मागावे. त्यात कमीपणा नाही. नेलेले पुस्तक मात्र वेळेवर आणून द्यावे. दुसरा कोणी त्याची वाट पाहत असतो.

सांगा पाहू :
१. वाचायला येत नसताना गाणी कोणी रचली?
२. राजमाचीवरची गोष्ट कोणत्या पुस्तकात आहे?
३. तुमच्या सात-बाऱ्यावर क्षेत्र किती आहे? स्वतः वाचून वहीत लिहा.