तिसरीचा वर्ग आणि ड्रिलचा हुकूम

आमच्या शाळेच्या फाटकापासून दीड किलोमीटरवर एक सरकारी प्राथमिक शाळा आहे. गेल्या सत्रात समाजसेवेच्या तासाला आम्ही काही कॅडेट दर शनिवारी तिथे शिकवायला जात होतो. माझ्या वाट्याला तिसरीचा वर्ग आला. पटावर २८ मुले. मी साताऱ्याचा. माझे हिंदी बरेचसे परेड ग्राउंडवर शिकलेले, म्हणजे निम्मे हुकमाचेच.

पहिल्या शनिवारी वर्गात शिरलो आणि मोठ्याने म्हणालो, "सावधान!" सगळी मुले ताठ उभी राहिली. मला फार बरे वाटले. मग मी रंगखडू वाटायला घेतले. शेवटच्या ओळीपर्यंत पोचेतो पुढच्या ओळींत भांडणे लागली. मी ओरडलो की मुले गप्प होत, पाठ फिरली की पुन्हा सुरू. शेवटी एका मुलाला मी भिंतीकडे तोंड करून उभे केले. बाकीची मुले हसली. मीही हसलो.

पुढच्या शनिवारी तो आला नाही. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "शनिवारी शाळा नको म्हणतो. वर्दीवाल्या भैयाची भीती वाटते त्याला." मग त्यांनी शांतपणे सांगितले, की शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ प्रमाणे मुलांना मारायला तर मनाई आहेच, पण मानसिक त्रास द्यायलाही आहे. त्या संध्याकाळी प्रेपमध्ये माझे लक्ष लागले नाही.

मी आमच्या सरांना विचारले. त्यांनी जेकब कूनिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाविषयी सांगितले. अनेक वर्गांचे चित्रीकरण तपासून त्यांनी १९७० साली एक पुस्तक लिहिले. मूल चुकल्यावर शिक्षक कसे रागावतात, यावरून वर्ग शांत की गोंधळाचा हे ठरत नाही, असे त्यांना आढळले. फरक पडतो तो आधीच्या गोष्टींनी: सगळ्या वर्गावर नजर असणे, एका कामातून दुसऱ्या कामात न अडखळता जाणे, कोणाला रिकामे बसू न देणे.

हे ऐकून मला ड्रिलचे उस्ताद आठवले. 'दाहिने मुड़' हा हुकूम दोन भागांत असतो. 'दाहिने' ही सूचना. मग क्षणभर थांबून 'मुड़'. नुसते 'मुड़' म्हटले, तर आमची तुकडीसुद्धा चारी दिशांना वळेल. मी तिसरीच्या वर्गात परेडचा आवाज नेला होता, सूचना नेलीच नव्हती.

मग मी चार बदल केले.

१. सामान आधी तयार. प्रत्येक ओळीतले एक मूल खडू वाटणार. फळ्यावर पहिले काम आधीच लिहिलेले.

२. काम बदलण्याआधी सूचना. "दोन मिनिटांत चित्र थांबवायचे आहे," असे सांगायचे, मग टाळी.

३. फळ्याजवळून ओरडायचे नाही. दंगा करणाऱ्याच्या बाकाजवळ जाऊन हळू बोलायचे.

४. प्रश्न विचारला की मनात तीन आकडे मोजायचे. मेरी बड रो या संशोधिकेने दाखवले आहे, की शिक्षक उत्तरासाठी साधारण एकच सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर जास्त मुले बोलतात. माझ्या वर्गात दोन मुली पहिल्यांदाच बोलल्या.

वर्ग एकदम शांत झाला नाही. पण भांडणे कमी झाली आणि माझा घसा बसायचा थांबला.

तो मुलगा चौथ्या शनिवारी मोठ्या बहिणीचा हात धरून आला. त्याचे हसे सगळ्यांसमोर झाले होते, म्हणून माफीही मी सगळ्यांसमोर मागितली. तो काही बोलला नाही. शेवटच्या शनिवारी आपल्या ओळीत खडू तोच वाटत होता. पण मी जवळ गेलो, की अजूनही ताठ उभा राहायचा.

मित्रांनो, या सत्रात माझ्याकडे सहावीच्या नव्या मुलांची डॉर्मिटरी आहे. घर सोडून आलेली ती मुलेही माझ्या आवाजाने ताठ उभी राहतील, हे मला माहीत आहे. म्हणून पहिल्या दिवशी मी त्यांना आधी दिवसाचे वेळापत्रक समजावून सांगितले, बूट कुठे ठेवायचे ते दाखवले. हुकूम त्यानंतर दिला.