ग्रंथींचा कारभार आणि चिमूटभर मीठ

मनुष्याच्या शरीरात असंख्य पेशी अहोरात्र निरनिराळी कामे करीत असतात. जठर अन्न पचविते, हृदय रक्त खेळविते, हाडे वाढतात. आणि तरीही या सर्वांचा मेळ सहसा बिघडत नाही. ही शिस्त कोण राखते, असा प्रश्न जिज्ञासू विद्यार्थ्याच्या मनात सहज उभा राहतो. मज्जातंतू ही या राज्यातील तारायंत्रे होत, हे आपण जाणतोच. परंतु तारेखेरीज येथे एक टपालखातेही आहे. त्याचे निरोप रक्तावाटे जातात आणि ते धाडणाऱ्या कचेऱ्या म्हणजे अंतःस्रावी ग्रंथी.

लालाग्रंथी आपला रस नलिकेतून तोंडात सोडतात. अंतःस्रावी ग्रंथींना अशी नलिका नसते. त्यांचा स्राव सरळ रक्तात मिसळतो. १९०२ साली लंडन येथे बेलिस व स्टार्लिंग या शास्त्रज्ञांनी असे दाखविले की, लहान आतड्याच्या अस्तरात तयार होणारे एक द्रव्य रक्तावाटे स्वादुपिंडाकडे जाते व त्यास पाचकरस सोडावयास लावते. अशा द्रव्यांना स्टार्लिंग यांनी १९०५ साली 'हॉर्मोन' हे नाव योजिले. चेतविणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते घेतले आहे. मराठीत आपण त्यास संप्रेरक म्हणतो. रक्तातील साखर आवरणारे इन्शुलिन आणि संकटसमयी हृदयाची गती वाढविणारे ॲड्रिनलिन ही याच कुळातील होत.

या ग्रंथींचा कारभार कसा चालतो, हे समजण्यास गळ्यातील अवटुग्रंथीसारखे दुसरे उदाहरण नाही. हिलाच थायरॉइड असे म्हणतात. श्वासनलिकेच्या पुढील बाजूस, फुलपाखराने पंख पसरावेत तशी ती बसलेली असते. तिच्यातून थायरॉक्सिन नावाचे संप्रेरक निघते. अमेरिकेतील एडवर्ड केंडॉल यांनी १९१४ साली ते प्रथम शुद्ध स्वरूपात वेगळे केले. शरीरातील ज्वलनाचा वेग, उष्णता, अवयवांची वाढ आणि बालकाच्या मेंदूचा विकास यांवर त्याची सत्ता चालते. ही सत्ता किती मोठी, हे १९१२ साली प्रसिद्ध झालेल्या गुडरनाच यांच्या प्रयोगावरून ध्यानी येते. त्यांनी बेडकाच्या पिलांना अवटुग्रंथीचे तुकडे खाऊ घातले, तेव्हा ती पिले वेळेपूर्वीच शेपूट टाकून इवलेसे बेडूक बनली!

मग ही ग्रंथी मन मानेल तसा स्राव सोडते काय? नाही. तिच्यावर मेंदूच्या तळाशी असलेल्या, वाटाण्याएवढ्या पोषग्रंथीची देखरेख असते. रक्तातील थायरॉक्सिन कमी झाले की पोषग्रंथी आपले संप्रेरक पाठवून अवटुग्रंथीस कामाला लावते. थायरॉक्सिन पुरेसे झाले की तोच निरोप पोषग्रंथीस मिळतो आणि तिचा तगादा थांबतो. पोषग्रंथीवरही मेंदूतील एका भागाची नजर असते. अशा रीतीने प्रत्येक अधिकाऱ्यावर दुसरा अंकुश आहे.

आता या चोख व्यवस्थेतील एक अडचण पाहा. थायरॉक्सिन बनविण्यास आयोडीन लागते, आणि ते शरीरात निर्माण होत नाही. अन्नपाण्यातूनच यावे लागते. ज्या डोंगराळ मुलुखातील माती बर्फाने व पावसाने युगानुयुगे धुपली, तेथील धान्यभाज्यांत आयोडीन फार थोडे असते. मग थायरॉक्सिन कमी पडते आणि पोषग्रंथीचा तगादा सुरू होतो. वैरण न घालता गाडीवानाने बैलावर आसूड ओढीत राहावे, तसा हा प्रकार होय. बिचारी अवटुग्रंथी राबून राबून फुगते आणि गळ्यावर गाठ दिसू लागते. हाच गलगंड. परंतु गाठ हे केवळ बाहेरचे चिन्ह झाले. गर्भवती मातेस आयोडीन फार कमी पडले, तर बालकाच्या मेंदूची वाढ खुंटते. काही बालके मुकी-बहिरी होतात, आणि ही हानी पुढे भरून निघत नाही.

हिमालयाच्या पायथ्याशी कांगडा खोऱ्यात हा विकार पिढ्यान्‌पिढ्या होता. १९५६ साली डॉ. रामलिंगस्वामी व त्यांचे सहकारी यांनी तेथे एक महत्त्वाचा प्रयोग आरंभिला. खोऱ्याचे तीन विभाग करून दोन विभागांस आयोडीनयुक्त मीठ व एकास साधे मीठ देण्यात आले. शाळांतील मुलामुलींचे गळे तपासण्यात आले. १९६२ साली पुन्हा तपासणी झाली, तेव्हा आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्या विभागांत गलगंडाचे प्रमाण पुष्कळ उतरलेले आढळले. साध्या मिठाच्या विभागात मात्र तसे घडले नव्हते. पुढे त्या विभागासही आयोडीनयुक्त मीठ देण्यात आले. १९६२ सालीच भारत सरकारने राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू केला, आणि २००६ पासून खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यास देशभर बंदी आहे.

मीठच का निवडले? कारण ते गरिबाच्या आणि श्रीमंताच्या ताटात सारखेच असते, आणि रोज जवळजवळ ठराविक मापानेच खाल्ले जाते. प्रौढ माणसास दररोज सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. गणिताची आवड असणाऱ्यांनी हिशेब करून पाहावा: सत्तर वर्षांच्या आयुष्यास चार ग्रॅमही लागत नाही! एवढ्याशा द्रव्यावर बालकाची बुद्धी अवलंबून असावी, यातच ग्रंथींच्या कारभाराचे मर्म आहे. येथे प्रमाण अल्प असते, पण त्या अल्पाशिवाय चालत नाही.

विद्यार्थी मित्रहो, घरी मिठाची पिशवी आणाल तेव्हा तीवर आयोडीनचा उल्लेख आहे ना, हे पाहा. मीठ घट्ट झाकणाच्या बरणीत, चुलीच्या धगीपासून व ओलाव्यापासून दूर ठेवण्यास आईस सांगा. कारण उष्णतेने व दमटपणाने त्यातील आयोडीन कमी होते. आयोडीन हवे म्हणून अधिक मीठ मात्र खाऊ नये. नेहमीचे मापच पुरे आहे. आणि कोणाच्या गळ्यावर सूज दिसली, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता त्यास डॉक्टरांकडे न्यावे, कारण ग्रंथी फुगण्याची इतरही कारणे असतात. अशा माणसाची थट्टा तर कधीच करू नये. त्याच्या गळ्यातील ती ग्रंथी, पुरेशी शिधासामग्री न मिळताही, शरीराची चाकरी इमानाने करीत राहिलेली असेल.