नामानाची सातवी बुडी
(पालक व रविवारच्या शाळेचे शिक्षक यांच्यासाठी अभ्यासपाठ)

वाचन : २ राजे ५:१-१४, लूक १६:१०



नामानाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. त्या बंदिवान मुलीची साक्ष, सेनापतीचा गर्व, अलीशाचा साधा निरोप, यांवर आपल्या वर्गांतून पुष्कळ पाठ झाले आहेत. या महिन्यात आम्ही त्या निरोपातील एका लहान बाबीकडे लक्ष वेधू इच्छितो. ती बाब म्हणजे संख्या. यार्देनेत सात वेळा बुडी मारण्याची आज्ञा होती. नदी नामानाने निवडली नव्हती व संख्याही त्याने ठरविली नव्हती. सहावी बुडी झाल्यावर त्याच्या अंगावर काय फरक दिसत होता, हे शास्त्र सांगत नाही. सांगितल्याप्रमाणे सर्व पुरे केल्यावर तो शुद्ध झाला, एवढेच आपल्याला कळते.

हा पाठ आम्हाला पुस्तकातून नव्हे, तर घरच्या एका बाटलीतून शिकावा लागला.

हुबळीच्या विद्यानगरात आम्ही राहतो. येथे डॉक्टरांचे सांगणे कन्नडात, बाटलीवरचे लेबल इंग्रजीत, आणि औषध पाजणारी आजी मराठीत, असा पुष्कळ घरांत प्रकार असतो. एका पावसाळ्यात आमच्या धाकट्या मुलाचा कान दुखू लागला व ताप चढला. डॉक्टरांनी तपासून अमॉक्सिसिलिन व क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड यांचे ड्राय सिरप सात दिवसांसाठी दिले. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, मूल खेळू लागले, आणि आम्ही औषध थांबविले. उरलेली बाटली फ्रिजच्या दारात ठेवली. पैशाची वस्तू, वाया का घालवावी, असा आमचा विचार.

तीन आठवड्यांनी आमच्या मंडळीतील एका भगिनीच्या मुलीचा घसा सुजला. रात्रीची वेळ होती. आम्ही स्वतः ती बाटली घेऊन गेलो, प्रार्थना केली आणि एक चमचा औषध पाजले. अर्ध्या तासात मुलीच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास घेताना आवाज येऊ लागला. रिक्षाने इस्पितळ गाठले. तेथे तिला ताबडतोब इंजेक्शन दिले व रात्रभर देखरेखीखाली ठेवले. देवाच्या दयेने मूल वाचले. मागाहून त्या माउलीला आठवले की, मुलगी तान्ही असताना अशाच औषधाने तिच्या अंगावर पुरळ उठले होते. आम्ही प्रार्थना केली होती, पण तो एक प्रश्न विचारला नव्हता. तिने आम्हाला दोष दिला नाही. तेच आम्हाला अधिक जड गेले.

तेव्हा जे शिकलो ते क्रमाने मांडतो.

(१) औषध कोणासाठी? मुलांचा डोस साधारणपणे वजनावरून ठरतो. आठ किलोच्या बाळाचा डोस सोळा किलोच्या मुलाला पुरणार नाही, आणि उलट दिल्यास अधिक होईल. शिवाय सर्दी, फ्लू व बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते. तेथे अँटिबायोटिकचा, म्हणजे प्रतिजैविकाचा, काही उपयोग नाही. म्हणून एका मुलाचे औषध दुसऱ्यास देऊ नये. पूर्वी कोणत्याही औषधाने पुरळ, सूज किंवा दम लागला असेल, तर ते डॉक्टरांना न विचारता सांगावे व वहीत लिहून ठेवावे.

(२) किती? अमॉक्सिसिलिनच्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरमागे कधी १२५ मिलिग्रॅम, तर कधी २५० मिलिग्रॅम औषध असते. बाटली बदलली की तोच चमचा दुप्पट औषध देऊ शकतो. घरातले चमचेही सारखे नसतात. बाटलीबरोबरचे मापाचे टोपण किंवा खुणांची पिचकारी वापरावी. पावडरमध्ये उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंत घालावे आणि प्रत्येक वेळी बाटली हलवावी. कालवलेले औषध थोडेच दिवस टिकते. आमच्या बाटलीची मुदत सात दिवसांची होती, आणि आम्ही ते तीन आठवड्यांनी पाजले! एखादा डोस चुकला, तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नये.

(३) किती दिवस? हे आजारावर अवलंबून असते. काही दुखण्यांना तीन किंवा पाच दिवस पुरतात, तर जंतूंमुळे झालेल्या एका प्रकारच्या घसादुखीत दहा दिवसही सांगतात. बरे वाटले म्हणून आपण ते कमी करू नये, आणि भीतीने वाढवूही नये. शंका असल्यास डॉक्टरांना विचारावे. नामानाच्या सेवकांनीही धन्याशी विचारविनिमय केलाच होता.

(४) त्रास कोणते? पातळ शौच, मळमळ, उलटी, तोंडात पांढरे डाग किंवा लंगोटाच्या जागी लाली, हे त्रास होऊ शकतात. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड असलेले औषध जेवणाच्या आरंभी दिल्यास पोटाचा त्रास कमी होतो. जुलाबात ओआरएस द्यावे व अंगावरचे दूध चालू ठेवावे. पुरळ उठल्यास पुढचा डोस देण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे, कारण प्रत्येक पुरळ ॲलर्जीचेच नसते. परंतु गांधींबरोबर उलट्या सुरू झाल्या, ओठ, जीभ वा चेहरा सुजला, श्वास अडला, कातडीवर फोड आले, शौचात रक्त पडले किंवा मूल निपचित झाले, तर औषध थांबवून तत्काळ इस्पितळ गाठावे.

आता शेजाऱ्याविषयी. पेनिसिलिनचा शोध १९२८ मध्ये लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या आपल्या नोबेल व्याख्यानातच इशारा दिला होता. अपुरे औषध घेणारा मनुष्य जंतूंना निर्ढावतो, आणि तेच जंतू त्याच्या घरच्या माणसाला लागले तर मग औषध चालत नाही, असे उदाहरण त्यांनी दिले. पुण्याजवळ पिंपरी येथे जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, तेव्हा हे औषध देशातल्या गरिबांच्या आवाक्यात यावे ही आशा होती. ती देणगी आपल्या बेफिकिरीने बोथट होत आहे. सरकारने २०१४ पासून अनेक प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद दुकानदाराने ठेवावी असा नियम केला, आणि २०१६ मध्ये वेष्टनावरील लाल रेघेविषयी लोकजागृती सुरू केली. ती रेघ दिसली की डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय औषध मागू नये. आपली अर्धी बाटली ही केवळ आपली खाजगी बाब नाही. शेजाऱ्यावर प्रीती करण्याच्या आज्ञेत तीही येते.

वैद्याकडे जाणे म्हणजे विश्वासाची उणीव, असे कोणी समजू नये. लूक वैद्य होता, आणि हिज्कीया राजाच्या गळवावर अंजिरांचा लेप लावण्यास यशयाने सांगितले. प्रार्थना करणाऱ्याने मापही नीट घ्यावे. थोडक्याविषयी विश्वासू असणे हे पाच मिलिलिटरच्या खुणेपासून सुरू होते.

शिक्षकांसाठी सूचना : वर्गात सात लहान मुलांना रांगेत उभे करून नामानाच्या बुड्या मोजाव्यात. सहाव्यावर थांबून विचारावे, “आता परत जावे काय?” मुले उत्तर देतील, आणि ते उत्तर घरीही नेतील.

चर्चेसाठी प्रश्न :
१. नामानाला राग कशाचा आला? सोपी आज्ञा पाळणे आपल्याला कठीण का जाते?
२. आपल्या घरी अर्धवट उरलेली औषधे आहेत काय? या आठवड्यात त्यांचे काय कराल?
३. प्रेमाने केलेली मदत अपायकारक कधी होते?

प्रार्थना : हे प्रभू, आमची लेकरे तुझी ठेव आहेत. त्यांची काळजी वाहताना आम्हाला प्रीतीबरोबर समजही दे, आणि जे सांगितले ते शेवटपर्यंत करण्याचा धीर दे. आमेन.