वारीनंतरची दिंडी



गळ्यात तुळशीची माळ पडली की मद्य-मांस सुटले, हा आपल्या संप्रदायाचा नेम. परंतु माळकऱ्याचाच पाय घसरला तर? तो माळ काढून खुंटीला अडकवतो, एकादशीच्या भजनाला यायचे टाळतो आणि टाळकऱ्यांच्या रांगेत त्याची जागा रिकामी दिसू लागते. आपण म्हणतो, "बुडाला बिचारा!" आणि पुढचा अभंग धरतो. त्या रिकाम्या जागेविषयी आज चार शब्द सांगायचे आहेत.

पुष्कळांच्या पाहण्यातली गोष्ट आहे. एरवी पिणारा एखादा गडी आषाढी वारीत सुमारे तीन आठवडे थेंबाला शिवत नाही, आणि घरी परतला की आठ-पंधरा दिवसांत पुन्हा गुत्त्याची वाट धरतो. लोक म्हणतात, याची भक्ती खोटी. आम्हाला तसे वाटत नाही. वारीत त्याच्या पुढे माणूस, मागे माणूस. काकड्यापासून रात्रीच्या कीर्तनापर्यंत नेम ठरलेला. घरी आल्यावर दिंडी पांगली, सोबत सुटली. दारूचे व्यसन हा आजार आहे, असे वैद्यकशास्त्र सांगते. तो लाजेने बरा होत नाही. तेव्हा अशा माणसाला हवी, ती वारीनंतरही न पांगणारी दिंडी.

अशी दिंडी आहे. तिचे नाव अल्कोहोलिक्स अनॉनिमस. लोक नुसते 'ए. ए.' म्हणतात. १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन गावी बिल विल्सन नावाचा गृहस्थ धंद्यासाठी आला होता. धंदा फसला, मन दारूकडे ओढू लागले. तेव्हा त्याने आपल्यासारखाच दुसरा पिणारा शोधून काढला. ते होते डॉक्टर रॉबर्ट स्मिथ. एका पिणाऱ्याने दुसऱ्याला आपली कहाणी सांगितली, आणि त्यातून दोघेही सुटले. भारतात हे काम १९५७ पासून चालू आहे.

तेथे जाऊन करायचे काय? भीती धरू नये. शाळेच्या खोलीत नाहीतर एखाद्या सभागृहात दहा-वीस माणसे बसलेली असतात. फी नाही. दारू सोडण्याची इच्छा, एवढीच अट. नुसते पहिले नाव सांगितले तरी पुरे. तेथे ऐकलेले बाहेर न्यायचे नाही, असा दंडक. एकेक जण आपली हकिगत सांगतो. मध्ये कोणी बोलत नाही, उपदेश करीत नाही. पहिल्या दिवशी नुसते ऐकून परत आले तरी चालते. जन्मभराची शपथ कोणी घालीत नाही; आजचा एक दिवस घ्यायचा नाही, एवढेच. पंढरपूर लांब असले तरी आपण आजचा मुक्काम गाठतो, तसेच हे.

बैठक शोधावी कशी? जिल्हा रुग्णालयातील मानसोपचाराच्या डॉक्टरांना विचारावे. केंद्र शासनाच्या १४४४६ या नशामुक्तीच्या क्रमांकावर पैसे न पडता फोन करता येतो. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले मुक्तांगण आहे. तेथेही चौकशी करावी. वार, वेळ, भाषा विचारून घ्यावी. काही बैठका फक्त पिणाऱ्यांसाठी असतात, काहींना घरचेही बसू शकतात, तेही विचारावे. घरच्या माणसांसाठी अल-अनॉन नावाचे वेगळे मेळावे आहेत. नवरा येवो न येवो, माउलीने तेथे जरूर जावे.

एक सावधगिरी. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी, डॉक्टरांवाचून, दारू बंद करू नये. हातपाय कापतात, फिट येते, भ्रम होतो, जिवावरही बेतते. वारीत पाऊल टाकण्याआधी असा माणूस डॉक्टरांना दाखवावा. आणि चहातून गुपचूप पुडी देणाऱ्यांच्या नादी कोणी लागू नये. नकळत दिलेल्या औषधावर तो दारू प्याला, तर प्राणाशी गाठ पडते.

आता कोणी म्हणेल, "नाम असताना बैठक कशाला?" माउली, नाम घरीही घेता येते, मग आपण दिंडीत का चालतो? संगतीने नेम टिकतो म्हणून. बैठक नामाच्या आड येत नाही. तेथे कोणताही एक धर्म नाही. ज्याला जसा देव उमजला, त्याच्यावर त्याने भार टाकावा. आपला विठोबा तेथे बरोबर नेता येतो.

राहता राहिले आपले काम. बैठक तालुक्याला असेल, तर पहिल्या दिवशी त्याच्यासोबत एसटीत बसून दारापर्यंत जावे. तो पुन्हा घसरला, तरी पुढच्या आठवड्याला पुन्हा न्यावे. गावात बोभाटा करू नये. विणेकऱ्याने, दिंडीचालकाने "आधी सोड, मग ये" असे म्हणू नये. माळ सवडीने पुन्हा घालता येईल. भजनात त्याची जागा आजच धरून ठेवावी आणि निरोप धाडावा : "माउली, टाळ तुमचा ठेवला आहे."

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!