इंटरनेटवरून बोलण्याची सोय : मांडणी व खबरदारी

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत धानाचा हंगाम आटोपला, कीं कित्येक मजूर कुटुंबें मिरचीच्या तोडणीसाठीं तेलंगणांत जातात. घरीं म्हातारीं माणसें व शाळेंत जाणारीं मुलें मागें राहतात. पूर्वीं अशा घरांस खुशालीचें वर्तमान परत येणाऱ्या एखाद्या गांवकऱ्याच्या तोंडूनच मिळे. आतां व्हॉट्सॲपवरून बोलणें होतें व एकमेकांचें तोंडहि दिसतें. हें साधन २००९ सालीं निघालें. त्यावरून बोलण्याची सोय २०१५ सालीं व चित्रासह बोलण्याची २०१६ सालीं झाली. परंतु पुष्कळ शेतकरी हें साधन दुसऱ्याच्या हातून मांडून घेतात, आणि त्यांतील किल्ली कोणाच्या हातीं राहिली हें पाहात नाहींत. म्हणून मांडणीची रीति येथें क्रमानें देत आहों.

साधन कसें चालतें

साधा फोन सिमच्या कंपनीच्या मनोऱ्यावरून जोडला जातो. व्हॉट्सॲपचें बोलणें इंटरनेटवरून जातें. यावरून तीन गोष्टी निघतात. दोन्हीं बाजूंस हें साधन मांडलेलें असावें लागतें. दोन्हीं बाजूंस नेट चालू असावें लागतें. आणि एकदां मांडणी झाल्यावर सिमला रेंज नसली, तरी वाय-फाय मिळत असल्यास बोलतां येतें. ज्या गांवीं रेंज नाहीं, परंतु ग्रामपंचायतींत किंवा शाळेंत वाय-फाय चालू आहे, तेथें ही तिसरी गोष्ट फार उपयोगी पडते.

मांडणीची रीति

१. प्रथम सिम कोणाच्या नांवावर आहे तें पाहावें. शेताचा फेरफार आपल्या नांवीं झाला कीं नाहीं हें आपण जसें पाहतों, तसेंच हें होय. सिम दुसऱ्याच्या नांवावर असल्यास, तें बंद करणें किंवा त्याच नंबराचें दुसरें सिम काढणें त्याच्या हातीं राहतें.

२. रेंज असलेल्या ठिकाणीं, उदाहरणार्थ आठवडी बाजाराच्या गांवीं, मांडणी करावी. कारण पुढें येणारा संदेश त्या सिमवर पोंचला पाहिजे.

३. मोबाईलमधील प्ले स्टोअर उघडून तेथूनच व्हॉट्सॲप उतरवून घ्यावें. कोणीं संदेशांतून पाठविलेली फाईल उघडूं नये, मग ती सरकारी योजनेच्या नांवानें आलेली असली तरी.

४. ॲप उघडून भाषा निवडावी, देश भारत (९१) ठेवावा व आपला दहा आंकडी नंबर घालावा. संदेशानें सहा आंकडी ओटीपी येतो. तो स्वतः भरावा.

५. संपर्कयादी, माइक व कॅमेरा वापरण्याची परवानगी विचारली जाईल. माइकची परवानगी दिल्याविना आपला आवाज पलीकडे जात नाहीं.

६. सेटिंग्जमध्यें अकाउंट या सदराखालीं ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ आहे. तेथें आपला दुसरा सहा आंकडी पिन ठरवावा. ओटीपी कोणाच्या हातीं लागला, तरी या पिनाविना त्यास आपलें खातें आपल्या मोबाईलवर चालवितां येत नाहीं.

७. नेट थोडें असल्यास ‘स्टोरेज अँड डेटा’ या सदरांत बोलण्यासाठीं कमी डेटा वापरण्याची सोय चालू करावी. चित्रासह बोलण्यास नुसत्या आवाजापेक्षां पुष्कळ अधिक नेट लागतें. रेंज कमी असेल तेव्हां चित्र बंद ठेवावें.

ओटीपी म्हणजे कोऱ्या कागदावरील अंगठा

जुन्या काळीं कोऱ्या कागदावर अंगठा देऊन पुष्कळांच्या जमिनी गेल्या. आजचा ओटीपी तसाच आहे. तो ज्यानें विचारला त्यास खातें मिळतें, आणि मग आपल्या नांवानें आपल्याच सोयऱ्यांकडे पैशाची मागणी जाते. बँक, पोलीस किंवा कंपनीचें नांव सांगितलें तरी तो देऊं नये. मोबाईल दुसऱ्यानें मांडून दिला असल्यास ‘लिंक्ड डिव्हायसेस’ हें सदर उघडावें. तेथें अनोळखी यंत्र दिसल्यास तें काढून टाकावें. बोलतां बोलतां आपला पडदा दाखविण्यास कोणी सांगेल, तर फोन ठेवावा.

पोलिसाचा पोशाख घालून चित्रावरून ‘डिजिटल अटक’ केल्याचें सांगणारे ठग निघाले आहेत. अशी अटक कायद्यांत नाहीं. पैसे गेलेच, तर विलंब न लावतां १९३० या नंबरावर तक्रार करावी; जितकी त्वरा, तितका पैसा अडविण्याचा संभव अधिक.

नंबर बदलतांना

तेलंगणांत गेल्यावर नवें सिम घेऊन जुनें तसेंच टाकून देण्याची चाल आहे. रिचार्जाविना बंद पडलेला नंबर निदान नव्वद दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकास दिला जाऊं शकतो. मग घरचीं माणसें ज्यास मुलगा समजून फोन लावतात, तो परका निघतो. म्हणून जुना नंबर चालू असतांनाच अकाउंटमधील ‘चेंज नंबर’ या सोयीनें खातें नव्या नंबरावर न्यावें, व बँकेंतहि तो बदल नोंदवावा.

हें साधन कोठें चालत नाहीं

घरीं कोणी अत्यवस्थ झालें, आग लागली किंवा भांडण पेटलें, तर ११२ हा नंबर साध्या फोननेंच लावावा. व्हॉट्सॲपवरून तो लागत नाहीं. वाघ किंवा अस्वल शिवारांत आल्यास वनखात्याचा १९२६ हा नंबरहि साध्या फोननेंच लावावा. यासाठीं सिमवर केवळ नेट नव्हे, तर साध्या फोनचा रिचार्जहि चालू ठेवणें अवश्य आहे. हे तिन्हीं नंबर घराच्या भिंतीवर ठळक लिहून ठेवावे, म्हणजे घरांत एकटें राहिलेल्या म्हाताऱ्या माणसासहि ते वेळेवर सांपडतील.